गरुड, सिंह आणि कुमार वाचक

इंग्लंडमधील सिल्चेस्टर या खेड्यालगत, शेतजमिनीखाली, कॅलेव्हा या रोमन नगराचे अवशेष आहेत. १८६६ साली तेथे उत्खनन करणाऱ्या जॉइस नावाच्या धर्मोपदेशकाला नगराच्या सार्वजनिक सभागृहाच्या अवशेषांत ब्राँझचा एक गरुड सापडला. त्याचे पंख नाहीसे झाले होते. हा गरुड एखाद्या रोमन लीजनच्या ध्वजदंडावरील असावा, असा तर्क जॉइस यांनी केला. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार पायदळाचे सैन्य, आणि तिचा गरुड हे केवळ निशाण नव्हे, तर दैवत. तो गमावणे हे लीजनच्या नावावरील न पुसला जाणारा कलंक. दुसरीकडे इतिहासकारांपुढे एक जुने कोडे होते. रोमन सैन्याची नववी लीजन ब्रिटनमध्ये होती. यॉर्क येथील इ. स. १०८ च्या सुमाराच्या शिलालेखानंतर ब्रिटनमध्ये तिचा मागमूस लागत नाही. इ. स. ११७ च्या आसपास उत्तरेकडील टोळ्यांचे बंड मोडण्यासाठी ती कॅलिडोनियात, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमध्ये, गेली आणि तेथेच नष्ट झाली, असे दीर्घकाळ मानले जाई. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणत्याही पुराव्याने सिद्ध झालेले नव्हते. रोझमेरी सटक्लिफ यांनी तो संबंध कल्पनेने जोडला आणि १९५४ साली 'द ईगल ऑफ द नाइन्थ' ही कुमारांसाठी लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध झाली.

कथानक थोडक्यात असे. नवव्या लीजनबरोबर नाहीसा झालेल्या अधिकाऱ्याचा मुलगा मार्कस स्वतः सेंच्युरियन होऊन ब्रिटनमध्ये येतो. पहिल्याच लढाईत त्याचा पाय कायमचा अधू होतो आणि सैनिकी जीवन संपते. कॅलेव्हात काकांकडे राहत असताना तो आखाड्यात हरलेल्या एस्का या ब्रिटन गुलामाला विकत घेतो, पुढे त्याला मुक्त करतो, आणि दोघे मिळून उत्तरेत जाऊन हरवलेला गरुड परत आणतात. लीजन मात्र पुन्हा उभी राहू शकत नाही. गरुड काकांच्या घरातील देवघराच्या फरशीखाली पुरला जातो. पुढील कादंबरीत, १९५७ च्या 'द सिल्व्हर ब्रँच'मध्ये, तो पुन्हा बाहेर येतो आणि अखेर त्या सभागृहाच्या आगीत हरवतो. जॉइस यांच्या कुदळीला तो जेथे लागला तेथपर्यंत लेखिकेने त्याला असे नेऊन पोचवले आहे.

पुढे जे घडले ते या वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. कादंबरीचे दोन्ही आधार डळमळले. १९५९ साली नेदरलँड्समधील नाइमेखन येथे नवव्या लीजनचा शिक्का असलेला कौलाचा पुरावा पुढे आला. या लीजनमध्ये सेवा केलेल्या काही अधिकाऱ्यांच्या कारकिर्दींचे हिशेब मांडले गेले, आणि ती ११७ नंतरही अस्तित्वात असावी, ब्रिटनमधून ती केवळ अन्यत्र हलवली गेली असावी, हे मत बळावले. स्कॉटलंडमधील विनाशाची बाजू मांडणारे अभ्यासक आजही आहेत. पण ती आता गृहीत धरण्याजोगी गोष्ट राहिलेली नाही. सिल्चेस्टरचा गरुडही ध्वजगरुड नव्हे, तर एखाद्या देवतेच्या किंवा सम्राटाच्या पुतळ्याचा भाग असावा, असे पुरातत्त्वज्ञ आता मानतात. म्हणजे कादंबरी ज्या दोन खुंट्यांवर टांगलेली होती त्यांपैकी एक निखळली आणि दुसरी हलू लागली. तरीही ती वाचली जात राहिली. १९७७ साली तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका झाली, २०११ साली चित्रपट झाला.

प्रौढ वाचकाच्या बाबतीत ही फारशी चिंतेची बाब नाही. प्रौढ वाचक ऐतिहासिक कादंबरी हाती घेतो तेव्हा त्याच्याजवळ इतिहासाची थोडीफार पुंजी असते. कल्पित कोठे सुरू होते याचा त्याला निदान संशय तरी येतो. अकरा वर्षांच्या वाचकाजवळ ही पुंजी नसते. त्याच्या बाबतीत कादंबरी इतिहासानंतर येत नाही, इतिहासाच्या आधी येते. ब्रिटनमधील रोमन सत्ता म्हणजे काय, हे त्याला प्रथम मार्कसच्या दुखऱ्या पायाने कळते. पाठ्यपुस्तक नंतर येते, आणि बहुधा त्या कादंबरीच्या प्रकाशातच वाचले जाते. म्हणून कुमारांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्यावर जी जबाबदारी येते ती प्रौढांच्या कादंबरीकाराच्या जबाबदारीहून कमी नसून अधिक आहे. आपल्याकडील समीक्षेने बालसाहित्याच्या मूल्यमापनात 'संस्कार' आणि 'मनोरंजन' या दोनच मापांचा वापर इतका केला की हा ज्ञानविषयक प्रश्न तिच्या नजरेसमोर क्वचितच आला.

मराठीत या गरुडाला एक सख्खा भाऊ आहे आणि तो सिंह आहे. कोंढाणा १६७० च्या फेब्रुवारीत घेतला गेला, तानाजी मालुसरे पडले, आणि शिवाजी महाराजांच्या शोकोद्गारावरून गडाला सिंहगड हे नाव मिळाले, ही कथा माहीत नसलेले मराठी मूल विरळा. हरि नारायण आपटे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिची कादंबरी केली आणि तो उद्गारच शीर्षक झाला. पण १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारात सिंहगड हे नाव येते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीतील उद्गारात सिंह नाहीच. तेथे गडाची तुलना दुसऱ्या गडाशी आहे, म्हणजे तानाजीलाच गड म्हटले आहे. घोरपड पोवाड्यातून आली. आपट्यांची कमलकुमारी ही तर कादंबरीच्या गरजेतून आलेली स्त्री. अभ्यासकांना यातील काहीही नवे नाही. सहलीला गेलेला सहावीतला मुलगा मात्र अजूनही तानाजीच्या कड्यापाशी उभा राहून घोरपड कोठून चढली असेल याचा अंदाज घेत असतो, आणि त्याला त्या क्षणी अडवणारा शिक्षक बहुधा चुकीचेच काहीतरी करत असतो.

दोन्हीकडे प्रकार एकच दिसतो: सापडलेली एक वस्तू किंवा टिकून राहिलेले एक नाव, त्याचे कारण सांगणारी एक सुंदर कथा, आणि नंतर त्या कारणाला तडा देणारा कागद किंवा कौल. तरीही परिणाम भिन्न आहेत, आणि त्या भिन्नतेचे मूळ एका अगदी साध्या गोष्टीत आहे. सटक्लिफ यांच्या कादंबरीच्या आरंभी एक छोटी प्रस्तावना आहे. एक लीजन नाहीशी झाली, अठराशे वर्षांनी एक पंखहीन गरुड सापडला, या दोन कोड्यांमधून ही गोष्ट रचली आहे, एवढेच त्यात सांगितलेले आहे. वाचकाला खुंट्या दाखवून मग त्यांवर वस्त्र टांगले आहे. म्हणून पुढे खुंटी निखळली तेव्हा वाचकाला फसवले गेल्याची भावना होण्याचे कारण उरले नाही. तो मोठा होऊन नाइमेखनच्या कौलांविषयी वाचतो तेव्हा त्याला आपले बालपण खोटे ठरल्यासारखे वाटत नाही, एक जुने कोडे पुन्हा उघडल्यासारखे वाटते. इतिहास म्हणजे प्रश्न विचारण्याची रीत आहे, हे त्या दीड पानाने त्याला नकळत शिकवलेले असते.

मराठीत कुमारांसाठी म्हणून लिहिलेल्या ऐतिहासिक कथांना असे दीड पान बहुधा नसते. त्याला कारणेही आहेत. मराठी कुमार वाचकाची ऐतिहासिक कादंबरी मूलतः त्याच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. आपट्यांचे 'करमणूक' हे साप्ताहिक कुटुंबातील सर्वांसाठी होते. नाथमाधवांची स्वराज्यावरील कादंबरीमाला वाचनालयांतून घरी येई आणि घरातील ज्याच्या हाती लागेल तो ती वाची. बारा वर्षांचा मुलगा आणि त्याचे आजोबा एकच प्रत आळीपाळीने वाचत. या व्यवस्थेत एक मोकळेपणा होता हे मान्य करावयास हवे. मुलांच्या वाचनाचे वयोगटानुसार तुकडे पाडणाऱ्या आजच्या प्रकाशनव्यवहाराला तो ठाऊक नाही. पण या व्यवस्थेत लेखकाला कुमार वाचकाचा वेगळा विचार करावा लागला नाही, आणि आपली सामग्री कोणती व रचना कोणती हे त्याला सांगण्याची गरजही वाटली नाही. शिवाय विषय वसाहतीच्या काळात आत्मसन्मानाशी जोडलेला होता. जेथे इतिहास हा आधार म्हणून हवा असतो तेथे आधाराच्या खुंट्या हलवून दाखवणे कोणालाही रुचत नाही. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. दादोजी कोंडदेव गुरू होते की नव्हते हा वाद अभ्यासकांच्या टिपणांतून निघून रस्त्यावर आला आणि २०१० साली पुण्याच्या लाल महालातून त्यांचा पुतळा हलवण्यात आला. वादातील कोणती बाजू खरी हा येथे मुद्दा नाही. दोन्ही बाजूंच्या त्वेषात आपल्या बालपणीच्या पुस्तकावर कोणीतरी हात टाकल्याची जी तीव्रता होती, ती लक्षात घेण्याजोगी आहे.

मात्र प्रस्तावना प्रामाणिक असल्याने कादंबरी चांगली होत नाही. सटक्लिफ यांच्या कादंबरीत खुंट्यांवाचून टिकून राहिलेले असे काय आहे, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर शरीरात आहे. १९२० साली जन्मलेल्या सटक्लिफ यांना अगदी बालपणीच सांध्यांचा दुर्धर आजार जडला आणि आयुष्याचा पुष्कळ भाग चाकांच्या खुर्चीत गेला. वडील नौदलात अधिकारी होते. आजारपणामुळे शाळा धड झाली नाही. स्वतः वाचू लागण्यास त्यांना फार उशीर लागला, कारण आई मोठ्याने वाचून दाखवत असे आणि ते ऐकणे पुरेसे होते. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, चित्रकलेचे शिक्षण झाले, लघुचित्रे रंगवण्याचा व्यवसाय त्यांनी केला आणि मग लेखनाकडे वळल्या. १९५० साली पहिली दोन पुस्तके आली. १९५९ च्या 'द लँटर्न बेअरर्स'ला कार्नेगी पदक मिळाले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. मार्कसचा पाय अधू होणे ही कथानकाची सोय नाही हे या चरित्रावरून सहज समजते. 'वॉरियर स्कार्लेट'मधील ब्राँझयुगातल्या मुलाचा एक हात निकामी आहे. ज्या समाजात पुरुषत्व शस्त्र पेलण्यावर अवलंबून आहे तेथे शस्त्र न पेलणाऱ्या देहाचे स्थान कोणते, हा प्रश्न त्या पुन्हापुन्हा विचारतात. आणि तो इतिहासातील कोणत्याही नव्या पुराव्याने जुना होत नाही.

येथे गो. नी. दांडेकर आठवतात, ते विरोधामुळे. 'बया दार उघड'पासूनच्या त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांमागे वर्षानुवर्षांची दुर्गभ्रमंती आहे. चढण किती दमवते, कातळ कोठे निसरडा होतो, हे पायांनी जाणलेले आहे. सटक्लिफ यांना पायांचे हे ज्ञान जवळजवळ नाकारलेले होते. तरी त्यांच्या पानांवरचे डोंगर, दलदल, धुके आणि पायाखालचा हेदर मराठी वाचकालाही ओला लागतो. लघुचित्रकाराची नजर, ऐकलेल्या गद्याची लय आणि चालता न येणाऱ्याला चालण्याची वाटणारी ओढ, या तिन्हींचा तो परिणाम असावा. अनुभव हाच साहित्याचा आधार असे मानणाऱ्या आपल्या समीक्षेला या उदाहरणाने थोडे अडखळावयास हरकत नाही. न मिळालेला अनुभव हाही एक अनुभव असतो आणि कधीकधी तो अधिक काटेकोर असतो.

दुसरे उत्तर मार्कस आणि एस्का यांच्या संबंधात आहे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. सटक्लिफ यांच्या रोमन अधिकाऱ्याची वंशावळ किपलिंगपर्यंत जाते. १९०६ च्या 'पक ऑफ पूक्स हिल'मध्ये किपलिंगने हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणारा पार्नेसियस हा तरुण सेंच्युरियन उभा केला. तो ब्रिटनमध्येच जन्मलेला, रोम कधी न पाहिलेला, तरी रोमसाठी सरहद्द राखणारा आहे. हा सेंच्युरियन कोणत्या सरहद्दीवरून आला आहे हे भारतीय वाचकाला सांगावे लागत नाही. किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. वायव्य सरहद्दीवरील गोऱ्या अधिकाऱ्याला रोमन चिलखत चढवले की पार्नेसियस तयार होतो. सटक्लिफ यांनी हे पुस्तक बालपणी ऐकले आणि १९६० साली किपलिंगवर एक छोटे पुस्तकही लिहिले. तेव्हा इंग्रज मुलांना रोमन ब्रिटनची गोष्ट सांगताना इंग्रजी लेखक एक चमत्कारिक कसरत करत असतो: गोष्टीत जिंकलेले लोक त्याचे पूर्वज असतात, पण जिंकणाऱ्यांमध्ये त्याला आपले आजोबा दिसतात.

१९५४ पर्यंत हिंदुस्थान गेलेला होता, आणि सटक्लिफ यांच्या कसरतीत किपलिंगचा आत्मविश्वास उरलेला नाही. कादंबरीतील एक प्रसंग यासाठी विशेष पाहावा. रोमने न्याय, रस्ते, सुव्यवस्था दिली, तरी या लोकांचा विरोध का, असे मार्कस विचारतो. एस्का उत्तरादाखल दोन नक्ष्यांची तुलना करतो: मार्कसच्या खंजिराच्या म्यानावरील रेखीव, समतोल, प्रत्येक वळण दुसऱ्याशी जुळणारी नक्षी, आणि ब्रिटनांच्या ढालीवरील एकातून दुसरी उमलत जाणारी, वाऱ्यापाण्यासारखी वळणे. पहिली रेखाटणाऱ्या लोकांना दुसरीचे लोक कळणे कठीण, एवढेच त्याचे म्हणणे. अकरा वर्षांच्या मुलाला संस्कृतिसंघर्षाची कल्पना देण्यासाठी यापेक्षा स्वच्छ दृश्य शोधून सापडणार नाही. वसाहतवादाच्या चर्चेत आपण जे परिभाषेच्या ओझ्याखाली मांडतो ते येथे एका म्यानावर मावले आहे.

तरीही वसाहतीतून आलेल्या वाचकाचे पूर्ण समाधान होत नाही, आणि ते होऊ नये. कादंबरी अखेरपर्यंत मार्कसच्या खांद्यावरून पाहते. एस्काच्या मनात काय चालले आहे हे त्याने सांगितले तरच कळते. त्याला स्वातंत्र्य मिळते ते मार्कसच्या हातून. आणि शेवटी त्याच्या निष्ठेचे बक्षीस काय, तर रोमन नागरिकत्व. ज्या सत्तेने त्याचे कुळ नष्ट केले तिचे सभासदत्व त्याला सन्मान म्हणून देण्यात येते आणि निवेदकाला त्यात काही खटकत नाही. रावबहादुर ही पदवी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ते खटकते. उलट दिशेचा प्रवास करणारा एक माणूस कादंबरीत आहे, नवव्या लीजनमधून पळालेला आणि टोळीत मिसळून गेलेला गेर्न. त्याचे मौन एस्काच्या बक्षिसापेक्षा अधिक खोल आहे.

लेखिकेलाही हे अपुरेपण जाणवत राहिले असावे, असे तिच्या पुढील लेखनावरून वाटते. १९७८ च्या 'साँग फॉर अ डार्क क्वीन'मध्ये त्या पलीकडच्या तीरावर गेल्या. रोमविरुद्ध उठलेल्या बूडिका राणीची ती कथा तिच्या वीणावादकाच्या तोंडून येते, आणि तेथे रोमनांची सुव्यवस्था फटक्यांनी आणि लुटीने ओळखली जाते. प्रस्तावनेत खुंट्या दाखवणे हा प्रामाणिकपणाचा एक प्रकार; चोवीस वर्षांनी त्याच प्रदेशात परतून दुसऱ्या बाजूने चालणे हा दुसरा. कुमारांसाठी लिहिणाऱ्या लेखकांत हा दुसरा प्रकार दुर्मिळ असतो, कारण त्यांचे आधीचे वाचक तोवर मोठे होऊन निघून गेलेले असतात.

भूतकाळातील माणसे कशी बोलतील, हा या प्रकारातील लेखकांचा कायमचा घोर. जेफ्री ट्रीज यांनी १९३४ सालच्या 'बोज अगेन्स्ट द बॅरन्स' या रॉबिन हूडवरील कादंबरीत जुनाट शब्दांची सजावट टाकून देऊन साध्या बोलीला जागा केली. त्यानंतर इंग्रजी कुमारसाहित्यात ऐतिहासिक पात्रांना कृत्रिम भाषा देण्याची चाल हळूहळू ओसरली. आपल्याकडे बखरीच्या वळणाची मराठी अद्याप पोशाखासारखी भाड्याने मिळते. मुजरा आणि 'जी' यांच्या मधल्या जागेत बसवलेली वाक्ये ऐतिहासिक मानली जातात. पण या कादंबरीपुढे मराठीची अडचण वेगळी आहे. ती कोणी मराठीत आणू म्हणाले तर त्याला पहिल्याच अर्ध्या भागात एका सर्वनामापाशी थांबावे लागेल. इंग्रजीत मालक गुलामाला आणि गुलाम मालकाला एकाच शब्दाने संबोधतो. त्या शब्दाच्या आडोशाला लेखिकेने दोघांची मैत्री हळूच वाढू दिली आहे. मराठीत ही सोय नाही. विकत घेतलेला एस्का मार्कसला 'आपण' म्हणेल की 'तुम्ही', हे ठरवावे लागेल. मार्कस त्याला 'तू' म्हणेल यात शंका नाही. आणि मग कोणत्या पानावर एस्का उलटून 'तू' म्हणेल? मुक्ततेचा कागद हाती पडतो त्या पानावर? मग ते 'तू' कागदाने दिलेले ठरेल. उत्तरेच्या वाटेवर, वेषांतर करून, परक्या टोळीच्या शेकोटीपाशी, जेथे मार्कसचा जीव एस्काच्या शब्दावर अवलंबून आहे? मग ते गरजेतून आलेले ठरेल. की गरुड घेऊन पळताना, श्वास अपुरा पडत असताना, जेव्हा दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात येणार नाही?

भाषांतरकाराला यांपैकी एक पान निवडावे लागेल, आणि त्याचा अकरा वर्षांचा वाचक ते पान उलटताना क्षणभर थांबून मागचे पान पुन्हा पाहील.